आण्णांबद्दल काय लिहू? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

पितृपक्ष जवळ आला की वडिलांबद्दलची पत्रं वाढतात, यंदाही तसंच झालंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून तीन पत्रं निवडली आणि त्यांनाच थोडं सविस्तर लिहिते. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पलूस तालुक्यातला. आमचे आण्णा मागच्या माघात गेले, दाखल्याप्रमाणं 84 वर्षांचे होते. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागले ते तिथूनच रिटायर झाले, जोडीला शेती होतीच. आता वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची असं आम्ही तिघा भावंडांनी ठरवलंय पण लिहायला बसलो की मला नुसतं हॉस्पिटल आठवतं, शेवटची दोन वर्षं सोडून मागचं काही सुचतच नाही. थोरला भाऊ म्हणतो फक्त चांगलं लिहायचं, बहीण म्हणते मग ते आण्णा वाटणारच नाहीत, त्यांचा राग गावाला माहीत होता. त्यात चुलतभाऊ म्हणतोय आण्णांनी पत्री सरकारच्या टायमाला भूमिगतांना भाकरी पोचवल्या, ते पहिल्या पानावर घ्या. तारखांचा तर सगळा गोंधळच आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : दादा, आधी हॉस्पिटलचं बोलू कारण तेच तुम्हाला अडवतंय. दोन वर्षं तुम्ही नळी, सलाईन, गोळ्यांचे टाइम, रात्रीची जागरणं हे सगळं केलंय तर डोळ्यांपुढं तेच येणार, त्यात तुमचं काही चुकत नाही. ते हटवायच्या मागं लागू नका, उलट एका वहीत सगळं लिहून काढा, कुणाला वाचायला द्यायचं नाही असं ठरवून लिहा, आणि वही कपाटात ठेवून द्या. पुस्तिकेत त्यातलं अर्धं पान पुरे. 84 वर्षांच्या माणसाची ती दोन वर्षं होती.

मग दुसरी वही घ्या आणि तिच्यात आण्णांच्या वस्तू लिहा. "आण्णा कसे होते" असं स्वतःला विचारलं की प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे, सुस्वभावी असलेच शब्द येतात, जे पेपरातल्या प्रत्येक श्रद्धांजलीत असतात आणि ज्यातून कुणाचेच वडील दिसत नाहीत. त्यापेक्षा सायकल कुठल्या कंपनीची होती, डबा हँडलला अडकवायचे का कॅरिअरला, डब्यात भाकरीबरोबर काय असायचं, फर्स्ट शिफ्टला किती वाजता उठायचे आणि चहा कोण करून द्यायचं, रात्रपाळी करून दिवसा झोपले की तुम्हा पोरांना गप्प कोण बसवायचं. टर्नर माणूस म्हणजे हाताला ऑइलचा वास असणार, बोटात लोखंडाचा बुरा घुसणार, तो सुईनं कोण काढायचं? आई का? आयुष्यभर लेथवर सूत-सुताचं माप बघितलेला माणूस घरातलं दाराचं बिजागर किंवा विहिरीवरची मोटर दुरुस्त करताना कसा वागायचा हे तुमच्या बहिणीला नक्की आठवत असेल, पोरींचं लक्ष असतं. पन्नास ओळी जमल्या की त्यातल्या पाच-सहा ओळी आपोआप मोठ्या होत जातील बघा, तीच तुमची सुरुवात.

आणि त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं गाठा, हे सगळ्यात आधी करा, लिहिणं नंतर. कारखाना 1910 सालचा, लोखंडी नांगरांपासून नाव झालेला आणि पुढं पंपांवर वाढलेला, तिथं बापलेक दोघंही लागलेली घरं तुमच्या भागात किती आहेत तुम्हाला माहीतच आहे. आण्णांच्या बॅचचे दोन-तीन जण अजून असतील, ते ऐंशीच्या पुढचे असणार, त्यामुळं दिवाळीनंतर बघू असं करू नका. जाताना जुना फोटो घेऊन जा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावायच्या आधी त्यांना विचारा, आणि "आण्णांबद्दल काय तरी सांगा" असं म्हणू नका कारण मग तेही "लई चांगला माणूस" एवढंच म्हणून गप्प बसतील. मशीन शॉपमध्ये कुठल्या मशीनवर होते, फोरमनशी कधी वाजलं का, जेवणाच्या सुट्टीत कुणाबरोबर बसायचे, असं विचारा. कामावरचा माणूस आणि घरातला माणूस वेगळा असतो. घरात तोंड न उघडणारे आण्णा तिथं नकला करायचे असंही निघेल, कुणी सांगावं.

आता भाकरीचं. दादा, हे मी जरा स्पष्ट लिहिते. आण्णांचा दाखल्यावरचा जन्म 1940 चा असेल तर भूमिगतांनी शेणोलीला रेल्वे लुटली 7 जून 1943 ला तेव्हा ते तीन वर्षांचे होते, आणि प्रति सरकारचा, म्हणजे तुम्ही म्हणता त्या पत्री सरकारचा, काळ 1946 ला संपला तेव्हा सहा वर्षांचे. दाखल्यावरचं वय दोन-तीन वर्षांनी पुढंमागं धरलं तरी भूमिगतांना भाकरी पोचवणारं हे पोर खूपच लहान होतं. मला वाटतं ही गोष्ट खोटी नसावी, ती आण्णांच्या आईची असावी. कुंडल परिसरात त्या दिवसांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या, जी. डी. बापू लाडांच्या माणसांसाठी रात्री-अपरात्री चुली पेटवणाऱ्या बायका घरोघरी होत्या आणि त्यांची नावं कुठंच नाहीत. फार झालं तर आईच्या पदराला धरून आण्णा बरोबर गेले असतील. चुलतभावाला विचारा त्यानं ही गोष्ट कुणाकडून ऐकली, वडिलांकडून का आत्याकडून, आणि मग आजीच्या नावावर लिहा, पहिल्या पानावरच लिहा. आजीची गोष्ट नातवंडांनी छापायची एवढी एक संधी तुम्हाला मिळतीय, ती आण्णांच्या खाती घालून घालवू नका.

तारखांसाठी घरातली पत्र्याची पेटी उघडा. दाखल्यावर 1 जून असेल तर दचकू नका. जून महिन्यात शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली ती तारीख असते, आपल्याकडं त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनलाच आहे. खरी जन्मतारीख हवी असेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14 मिळतो का बघा, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात, जुनी पानं मोडीत असतील तर वाचणारा माणूस बरोबर न्यावा लागेल. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडं मिळतो. शेतीचं बघायचं तर सातबारापेक्षा जुने फेरफार बघा, वाटणी कधी झाली, विहीर कधी नोंदली, कुठला तुकडा कधी विकला आणि बहुतेक कुणाच्या लग्नासाठी विकला ते त्यातून कळतं.

एक गंमत सांगते, गंमत म्हणजे मला मनापासून आवडणारी गोष्ट. तुमच्या भागातल्या कागदांवर माणूस घरातून न हलता जिल्हे बदलतो. जुन्या कागदावर सातारा जिल्हा, नाहीतर संस्थानाचं नाव, 1949 च्या ऑगस्टनंतर दक्षिण सातारा, आणि 1960 च्या नोव्हेंबरपासून सांगली. तालुका तासगाव लिहिलेला असेल कारण पलूस तालुका फार नंतर झाला. म्हणजे साल नसलेला कागद सापडला तरी नुसतं जिल्ह्याचं नाव बघून तो कुठल्या काळातला हे समजतं.

आणि जिथं कागदच नाही तिथं आईला साल विचारूच नका. तिला विचारा थोरला झाला तेव्हा भूकंपाच्या आधी का नंतर. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा, तो त्या वयाच्या कुठल्याही बाईला घोंगडीसकट आठवतो. 72 चा दुष्काळ, खडी फोडायला जाणं, सुकडी, ती लाल मिलो ज्वारी. छोटी रेल्वे जाऊन मोठी लाईन आली ते 1971 च्या सुमाराचं. नंतर 2005 चा महापूर, 2019 चा महापूर. या खुंट्यांवर सगळं अडकवत गेलात की तारखा बऱ्यापैकी लागतात, आणि जे लागत नाही तिथं "भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात" असंच छापा, मला तर ते तारखेपेक्षा जास्त खरं वाटतं.

रागाबद्दल मी तुमच्या बहिणीच्या बाजूनं आहे. राग लिहा, पण "ते रागीट होते" असं लिहून मोकळं होऊ नका. कशावरून चिडायचे, चिडल्यावर काय करायचे, ताट सरकवायचे का नुसते उठून रानात जायचे, परत आल्यावर पहिलं वाक्य काय असायचं, आणि तो राग कुणी सोसला. शेवटचं फार महत्त्वाचं, म्हणून त्या पानाचं पहिलं वाचन आईसमोर करा आणि आई जे म्हणेल की हे नको, ते काढा, तिथं वाद घालू नका. थोरल्या भावाला म्हणावं की ज्यांनी आण्णांचा राग बघितलाय ती सगळी माणसं त्या दिवशी मांडवात असणार आहेत, नुसतं गोड लिहिलेलं वाचून त्यांना दुसऱ्याच कुणाची पुस्तिका हातात आल्यासारखं वाटेल. भाऊही असं म्हणतोय ते प्रेमापोटीच, त्याला एक पान त्याचं स्वतःचं द्या, त्यात त्याला हवं ते लिहू दे. तिघांनी तीन वेगळी पानं लिहिली आणि एकाच प्रसंगाबद्दल तिघांचं तीन तऱ्हेनं आलं तरी जुळवत बसू नका.

छपाईचं थोडक्यात. पानं चारच्या पटीत ठेवा, 24 किंवा 32 पुष्कळ झाली. अक्षर मोठं घ्या, 16 पॉइंटच्या खाली नको, वाचणारे सगळे चष्म्याचे असतात. फोटोखाली डावीकडून उजवीकडं सगळ्यांची नावं टाका, आज वाटतं सगळे ओळखतात, पण नातवंडं ओळखणार नाहीत. आणि वर्षश्राद्ध तिथीनं असतं, मधे अधिक महिना नसेल तर ते साधारण 11 दिवस अलीकडं येतं, तेव्हा प्रेसवाल्याला इंग्रजी तारीख सांगायच्या आधी गुरुजींना विचारा.

प्रश्न : ताई, माझं माहेर पाटण तालुक्यात, आत डोंगरात. आमचं तात्या मुंबईला माथाडी होतं, आधी मस्जिद बंदर आणि मार्केट हललं तसं वाशीला. गणपतीला, यात्रेला आणि कुणाचं लग्न असलं तर यायचं, चार दिवस राहून जायचं. रिटायर होऊन गावी आलं तवर माझं लग्न होऊन मी सासरी. आता ते गेलं तर सगळ्या बाया रडताना काय काय आठवण काढत होत्या आणि मला आठवायला काही नव्हतंच. भाऊ म्हणतो आपलं वडील म्हणजे मनीऑर्डर. ते ऐकून मला लई वाईट वाटलं पण खोटं तरी कसं म्हणू.

उत्तर : अगं बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सातारा जिल्ह्यात, त्यातून पाटण, जावळी, खंडाळा अशा भागांत तुझ्यासारख्या पोरी घरटी एक सापडतील, एवढं आधी लक्षात घे. वडील मुंबईला आणि घर गावाला, अशीच दोन-तीन पिढ्यांची आयुष्यं गेली. तुला आठवणी कमी आहेत हे खरं आहे आणि त्याचं दुःख करायचा तुला हक्क आहे, मी काही उगाच समजूत घालत नाही.

पण तात्यांचं आयुष्य झालंय, फक्त ते तुझ्यासमोर झालं नाही. ते मुंबईत झालं आणि बघणारी माणसं आहेत. गावच्या मंडळाची खोली असेल, गाळा म्हणतात तो, तिथं पंधरा-वीस जण वळकट्या टाकून पाळीपाळीनं झोपायचे, खाणावळीत जेवायचे. त्या खोलीतले जे आता गावी परतलेत त्यांच्याकडं भावाला घेऊन जा, भावाला घेऊनच जा. त्यांना विचार की टोळीत तात्या कुठलं काम करायचे, मुकादम कोण होता, पाठीवर क्विंटलची पोती मारून संध्याकाळी आल्यावर काय करायचे, भजनाला बसायचे का, कुणाला पत्र लिहायला सांगायचे का, गावाकडून फोटो आला तर कुठं ठेवायचे. पोरं आजारी असल्याची तार आली आणि सुट्टी मिळाली नाही असं कधी झालं का, हेही विचार. उत्तर ऐकायला जड जाईल, पण विचार.

भाऊ मनीऑर्डर म्हणतो ना, मग त्याच शब्दाला धरून बसू. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटी पट्टी असायची निरोपाची, पैसे घेणाऱ्याला फाडून मिळायची. त्या जागेत दोन-तीन ओळीच मावायच्या. आईनं त्या पट्ट्या कुठं तरी ठेवल्या असतील, पोथीत, डब्यात, देवाऱ्यामागं. बघ जरा. सापडल्या तर त्यात "बाळीला फ्रॉक घेणे" असं काही तरी निघेल आणि ती बाळी तूच असशील. नाहीच सापडल्या तर आईला तोंडी विचार, त्यात काय असायचं ते आयांना पाठ असतं.

1969 सालचा माथाडी कायदा झाल्यावर हमालांची बोर्डात नोंदणी सुरू झाली, फंड, ग्रॅच्युइटी आली, माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटलांचं नाव त्या पिढीच्या तोंडी सारखं असायचं ते त्यासाठी. तात्यांचं नोंदणीचं कार्ड असेल तर जपून ठेव, त्यावरून कुठल्या बोर्डात, कुठल्या सालापासून हे समजतं. आणि एक, शक्य झालं तर एकदा भावंडं मिळून मुंबईला जा. मस्जिद बंदरच्या त्या गल्ल्यांतून सकाळी हातगाड्या चालू असताना चाला. तात्या ज्या रस्त्यानं रोज गेले तो रस्ता तुम्ही दोघांनी बघितलेलाच नाही.

गणपतीतले चार दिवस मात्र तुझे स्वतःचे आहेत. ते कमी म्हणून सोडू नकोस. तात्या एस्टीतून उतरल्यावर हातात काय असायचं, पिशवीला कसला वास यायचा, पहिल्या रात्री तू त्यांच्याजवळ जायला लाजायचीस का. जाताना कोण कुठपर्यंत पोचवायला जायचं. तेवढं लिहून मला परत पाठव, मी वाचेन.

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागात राहतो. 2019 च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा वडिलांना आणि आईला बोटीतून बाहेर काढलं पण अल्बम, कागदपत्रं सगळं पाण्यात गेलं. वडील यंदा गेले. भिंतीवर लावायला धड फोटो नाही, आधार कार्डावरचा मोठा केला तर तो त्यांचा वाटतच नाही. काही अल्बम वाळवून तसेच ठेवलेत, पानं एकमेकांना चिकटलीत. काय करता येईल?

उत्तर : तुमच्यासारखी कितीतरी घरं आहेत सांगलीत. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं त्या वर्षी, धोक्याची पातळी 45 ची, गावभागात कुणाचं काय वाचणार होतं.

चिकटलेले फोटो हातानं ओढून वेगळे करू नका, वरचा थर खालच्याला चिकटून निघतो आणि दोन्ही जातात. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट राहू दे आणि काचेवरूनच मोबाईलनं फोटो काढा, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात, जरा तिरका धरलात की चमक येत नाही. उन्हात परत वाळवू नका, सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. बुरशी आली असेल तर तोंडाला मास्क लावूनच हात लावा. अल्बममध्ये एखादा फारच महत्त्वाचा असेल तर जुने फोटो दुरुस्त करणाऱ्याकडं आहे तसाच न्या, घरी प्रयोग नकोत.

पण खरं सांगू का, तुमच्या वडिलांचे फोटो तुमच्या घरात नव्हतेच फक्त. ते पाहुण्यांच्या अल्बममध्ये आहेत. त्यांच्या वयाच्या माणसानं शंभर लग्नं तरी जेवली असतील, आणि प्रत्येक लग्नात स्टेजवर नवरा-नवरीला आहेर देतानाचा एक फोटो असतोच. मिरज, तासगाव, जयसिंगपूर, इस्लामपूर, जिथं पाणी शिरलं नाही अशा ठिकाणचे पाहुणे आठवा आणि त्यांना अल्बम चाळायला सांगा. व्हॉट्सअॅपवर नुसतं "फोटो असेल तर पाठवा" टाकलं तर कुणी बघत नाही, एकेकाला फोन करून "तुमच्या थोरलीच्या लग्नातला अल्बम काढता का" असं नेमकं विचारा. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी असतील तर आणखी चांगलं, त्यात चालणं आणि हसणं मिळतं, कॅसेटवरून पेन ड्राइव्हवर करून देणारी दुकानं अजून आहेत. ऑफिसचा निरोप समारंभ, सोसायटीची वार्षिक सभा, शाळेचा ग्रुप फोटो, गणेशोत्सव मंडळ, वारीला गेले असतील तर दिंडीतले सोबती. लग्नातल्या गर्दीतला फोटो मोठा केला तर तो थोडा धुरकट येईल पण तिथं ते हसत असतील, आणि आधारच्या फोटोत कुणीच हसत नाही, म्हणून तो त्यांचा वाटत नाही तुम्हाला.

जे मिळेल ते लगेच तीन ठिकाणी ठेवा, तुमच्या मोबाईलमध्ये, नदीपासून लांब राहणाऱ्या एखाद्या भावाबहिणीकडं, आणि ऑनलाइन ड्राइव्हवर. मूळ फोटो पाहुण्यांना परत द्या, आणि देताना त्यांच्या फोटोतल्या बाकीच्या माणसांचीही स्कॅन करून द्या, त्यांच्याकडंही कुणी तरी गेलेलं असतंच.